हिरव्या दोऱ्याची मच्छरदाणी

कस्तुराबाई वारली हे तिच्या नवऱ्याला कळलं ते फोटोच्या निमित्ताने.

एकोणीसशे साठचा नोव्हेंबर होता. बेंगळूरच्या चामराजपेटेत कृष्णाजी लोकरे आपल्या दुकानात एका वकिलाच्या काळ्या कोटाला बाही जोडत बसला होता. शिंपीकाम त्याच्या घरात तीन पिढ्यांचं. वैद्यकीय साहाय्य मंडळाचा कारकून गुंडू सायकल भिंतीला टेकवून आत आला आणि टोपी काढून उभा राहिला. गुंडू टोपी काढत नसे, म्हणून कृष्णाजीने मशीन थांबवलं.

"अण्णा, स्वल्प काम होतं. वहिनींचा एखादा चांगला फोटो आहे का? मोठा? युनिफॉर्ममधला असला तर फार उत्तम."

कृष्णाजी खूश झाला. त्याची बायको सरकारी इस्पितळात नर्स होती आणि तीन महिन्यांपूर्वी मंडळाच्या पथकाबरोबर आफ्रिकेत, कांगोला गेली होती. तिला पदक-बिदक मिळालं असणार असं त्याला वाटलं. त्याने ट्रंक उघडून दोन फोटो काढले.

"हा घे. यात हसतेय."

"हसरा नको म्हणालेत अध्यक्ष."

"मग हा. जायच्या आदल्या दिवशी काढला. यात पाय दुखत होते तिचे, म्हणून तोंड असं आहे."

"हाच बरा," गुंडू म्हणाला. फोटो कागदात गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "फ्रेम काळी करायची का सोनेरी, ते तुम्हाला विचारून यायला सांगितलंय. आणि हार चंदनाचा चालेल ना?"

जिवंत माणसाच्या फोटोला चंदनाचा हार कोण घालतं? कृष्णाजी गुंडूकडे बघत राहिला. गुंडूने जीभ चावली.

"तुम्हाला पत्र नाही आलं अजून? अय्यो, देवा! मला वाटलं, पत्र आलं असेल."

तार सोमवारी आली होती. आज गुरुवार होता. अध्यक्ष विश्वासराव हवापालटासाठी उटीला गेले होते आणि त्यांच्या गैरहजेरीत परदेशी तार फोडायची नाही असा मंडळाचा नियम होता. बुधवारी ते परतले, तार फुटली. पण कुटुंबाला नुसती बातमी कळवणं बरं दिसत नाही, सोबत दुखवट्याच्या ठरावाची प्रत हवी, आणि ठरावाला सात सभासद हवेत. बुधवारी पाचच आले. म्हणजे कस्तुराबाई बुधवारी मंडळापुरती वारली, आणि गुरुवारी, सभासद पुरे पडेनात म्हणून चुकून, नवऱ्यापुरती.

कृष्णाजीने वकिलाची बाही पूर्ण केली. ती अर्धवट सोडली असती तर दुसऱ्या दिवशी टाका कुठे थांबला ते दिसलं असतं. मग त्याने दुकानाची फळी लावली.

संध्याकाळी त्याची थोरली बहीण अंबुबाई आली. तिच्याबरोबर गल्लीतल्या चारजणी आल्या. याच चौघींनी पंधरा वर्षं कस्तुराबाईच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, कारण ती इस्पितळात परक्यांचं हागणं-मुतणं काढते. आज त्यांच्या तोंडून तिचं कौतुक संपेना.

"सवाष्ण गेली रे, कृष्णा," अंबुबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "भाग्याची. कपाळाचं कुंकू घेऊन गेली."

"अक्का, तिथे कुंकू कुणाजवळ असेल?"

"असं नसतं बोलायचं."

"मी विचारलं फक्त."

भाग्याची कशी, ते कृष्णाजीला कळेना. पण घरात माणूस मेलं की एकाने तरी भाग्याची म्हणावंच लागतं, तसं अक्काने म्हटलं होतं.

कस्तुराबाई तिकडे गेली कशी, तेही सांगायला हवं. त्या साली कांगो स्वतंत्र झाला आणि तिथले गोरे डॉक्टर एका आठवड्यात चंबूगबाळं आवरून घरी गेले. इस्पितळं ओस पडली. देवी, हिवताप, उपासमार, सगळं एकदम उसळलं. मग देशोदेशीची वैद्यकीय पथकं तिकडे निघाली, तेव्हा बेंगळूर मागे राहून कसं चालेल? विश्वासरावांनी सभा घेतली. ते संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर होते आणि निवृत्त झाल्यापासून अकरा मंडळांचे अध्यक्ष होते. हे बारावं. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून सांगितलं, "आपले बांधव इथे तडफडत आहेत." छडी मोझांबिकवर होती. पण तळमळ खरी होती असं सगळे म्हणाले.

पथकात एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि दोन नर्सा. एक कस्तुराबाई, दुसरी बेळगावकडची हेमलता, सव्वीस वर्षांची. त्या सभेत कस्तुराबाई उभी राहून एकच वाक्य बोलली होती: "तिथे डास फार आहेत, तेव्हा बाकी काही नसलं तरी चालेल, मच्छरदाण्या हव्यात." सबंध सभेत कामाचं वाक्य तेवढंच होतं, म्हणून ते इतिवृत्तात आलं नाही. पण काम मात्र झालं, कारण शिंपी तिच्या घरातच होता. मंडळाने चाळीस मच्छरदाण्या सांगितल्या. वॉर्डातल्या खाटांसाठी आणि पथकासाठी.

कृष्णाजीने नऊ दिवस दुसरं काही शिवलं नाही. जाळीचं कापड मशीनखाली सरकतं, त्याला हाताने ताण धरावा लागतो; त्याची बोटं सोलली. चाळिसावी शिवताना त्याने खालचा काठ दुहेरी दुमडला, म्हणजे गादीखाली नीट खोचला जाईल, आणि एका कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे चार टाके घातले.

"ही तुझी," तो म्हणाला. "गर्दीत ओळखू यावी म्हणून."

कस्तुराबाईने काठ ओढून बघितला. "शिंप्याने बायकोला काहीतरी वेळेवर शिवून दिलं, असं सबंध पेटेत पहिल्यांदा घडतंय. पेपरात द्या."

"जाऊन ये, मग देऊ."

दहा-दहाची चार गाठोडी त्याने स्वतः गोणपाटात शिवली आणि मंडळाच्या ऑफिसात पोचवली. हिरव्या दोऱ्याची चौथ्या गाठोड्यात, सगळ्यांत वर. ऑगस्टमध्ये पथक विमानाने गेलं. सामान मागून जहाजाने जाणार होतं. लगेच.

सप्टेंबरात तिचं पहिलं पत्र आलं. कस्तुराबाई कमी लिहायची, पण खरं लिहायची.

"इथे नॉर्वेचे एक डॉक्टर आहेत, ब्रह्मदेशच्या दोन नर्सा, एक इजिप्तचे सर्जन. कुणाचं कुणाला कळत नाही, पण ताप सगळ्यांना कळतो. एका खाटेवर तीन पोरं झोपवतो. मच्छरदाण्या अजून आल्या नाहीत."

दुसऱ्या पत्रात होतं: "हिरव्या दोऱ्याची वाट बघते. तोवर जुनं लुगडं बांधलंय खाटेला. डास लुगड्याला हसतात."

कृष्णाजीची शाळा चौथीपर्यंत. त्याने सावकाश अक्षरं काढून उत्तर लिहिलं: "जहाजाला वेळ लागतो. धीर धर. येतील." तिसऱ्या पत्रालाही हेच लिहिलं. ही दोन्ही उत्तरं त्याने टपालपेटीत टाकली ती मंडळाच्या ऑफिसासमोरच्या. आत डोकवावं असं त्याला वाटलं नाही. मोठ्या माणसांचं ऑफिस, तिथे शिंप्याने जाऊन काय विचारायचं?

शोकसभा रविवारी सकाळी मंडळाच्याच दिवाणखान्यात झाली. सातऐवजी साठ सभासद आले, कारण नंतर कॉफी होती. कृष्णाजीला पहिल्या रांगेत बसवलं. समोर कस्तुराबाईचा फोटो, पाय दुखत असतानाचा. फ्रेम सोनेरीच होती, काळी दुकानात शिल्लक नव्हती. फोटो उंच दिसावा म्हणून कशावर तरी ठेवला होता आणि त्यावर पांढरी चादर पसरली होती.

विश्वासराव बोलायला उठले. "भगिनी कस्तुराबाई," ते म्हणाले, "परक्या भूमीवर, डासांच्या घनघोर सैन्याशी निःशस्त्र झुंजल्या!"

निःशस्त्र हे मात्र खरं होतं.

मग दोन मिनिटं स्तब्धता. विश्वासरावांच्या घड्याळाप्रमाणे ती पाऊण मिनिटात पुरी झाली. फुलं वाहायला आधी नवऱ्याला बोलावलं. कृष्णाजी पुढे गेला, वाकला, आणि चादरीचं एक टोक त्याच्या गुडघ्याला अडकून सरकलं. खाली गोणपाट होतं. गोणपाटावर सुतळीची शिवण होती, दर चार बोटांवर उलटी गाठ. तशी गाठ बेंगळुरात एकच माणूस मारायचा. गाठोड्यांना आता लाल फीत बांधली होती.

कृष्णाजीने हातातली फुलं तशीच धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट वरच्या गाठोड्याच्या शिवणीत घातलं. टाके ताणले गेले. आत जाळी होती. जाळीच्या कोपऱ्यात चार हिरवे टाके.

सभेला वाटलं नवरा गहिवरला. दोघांनी उठून त्याला खुर्चीवर आणून बसवलं.

कॉफीच्या वेळी त्याने गुंडूला कोपऱ्यात गाठलं.

"ती गाठोडी इथे का?"

"कुठली? ती होय? समर्पण समारंभ व्हायचाय ना अजून."

"कसला?"

"अण्णा, मंत्रीसाहेबांच्या हातून मंडळाला, मंडळाच्या हातून जहाजाला. त्याशिवाय कसं पाठवणार? फोटो नाही, बातमी नाही, मग वर्गणीदारांना काय दाखवायचं? सप्टेंबरात तारीख मिळाली होती, तेव्हा साहेबांचं पोट बिघडलं. ऑक्टोबरात मिळाली, तेव्हा अध्यक्षांच्या नातीचं बारसं." गुंडूने कपात फुंकर मारली. "माझ्या हातात काय आहे? मी दर सोमवारी धूळ झाडतो त्यांच्यावरची."

कृष्णाजीला गुंडूचा राग आला नाही. ऑफिसातल्या एवढ्या माणसांत त्या गाठोड्यांना हात लावणारा तो एकटाच होता.

पुढच्या आठवड्यात हेमलताचं पत्र आलं. "अण्णा, हिवताप डोक्यात गेला. तीन दिवस होत्या. शेवटी काहीतरी बोलत होत्या. मला मराठी येतं, कन्नड येतं, तरी कळलं नाही. इस्पितळामागे आंब्याचं झाड आहे, तिथे ठेवलं. नॉर्वेच्या डॉक्टरांनी खड्डा स्वतः खणला. आता आम्ही पथकातले तिघं. पाऊस जोरात आहे. रोज वॉर्डात हिवतापाची चार-पाच पोरं जातात. मच्छरदाण्यांचं काही कळलं तर बघा, उशीर झाला म्हणून राहू देऊ नका."

कृष्णाजीने पत्र खिशात घातलं, धुतलेला सदरा चढवला आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्या माणसाच्या ऑफिसात बोलावल्याशिवाय गेला.

"या, लोकरे, या," विश्वासराव म्हणाले. "मी तुम्हाला बोलावणारच होतो."

"साहेब, मच्छरदाण्या आज पाठवा. समारंभ मागून करा."

"आज? लोकरे, तुमची भावना मी समजू शकतो. पण आता त्या नुसत्या मच्छरदाण्या राहिल्या नाहीत."

"मग काय झाल्या?"

"आता त्या 'कैलासवासी कस्तुराबाई लोकरे स्मृत्यर्थ' आहेत! तसा ठराव झालाय. एकमताने. म्हणजे समारंभ आता जास्त मोठा. जास्त मोठा म्हणजे…" ते क्षणभर घुटमळले, "तारीख थोडी पुढे जाईल. पण फळ चांगलं. आणि प्रत्येक मच्छरदाणीवर तिच्या नावाची पट्टी हवी. छापून तयार आहेत. त्या शिवायचं काम दुसऱ्या कुणाला द्यायला माझं मन धजत नाही. तुम्हीच करायला हवं."

"माझी बायको ह्या मच्छरदाण्यांवाचून मेली, साहेब."

"म्हणूनच तर!" विश्वासराव म्हणाले. खरोखर त्यांचे डोळे भरून आले होते. तो माणूस खोटा नव्हता, ही त्यातली मोठी अडचण. खोटा असता तर त्याला शिवी देता आली असती.

कृष्णाजीने खिशातल्या पत्रावर हात ठेवला. मग म्हणाला, "सरी, तसंच करू. गाठोडी दुकानात पाठवा. पट्ट्या लावतो."

गुंडूने हातगाडीवरून गाठोडी आणली. चाळीस पट्ट्या वेगळ्या पाकिटात होत्या. पांढऱ्या फितीवर निळी अक्षरं.

कल्लाप्पा हे कृष्णाजीचं जुनं गिऱ्हाईक. निपाणीकडचा, फौजेत दवाखान्याच्या तुकडीत हवालदार. पोट सुटलं की युनिफॉर्म ढिला करायला यायचा आणि कवायत झाली की घट्ट करायला. मार्चात तो आला तो घट्ट करायला.

"अण्णा, लवकर पाहिजे. पलटण कांगोला चाललीय. आमची तुकडी बरोबर. मुंबईहून बोट."

कृष्णाजीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने त्या एकेक करून काढल्या.

"कल्लाप्पा, बोटीत जागा असते का रे?"

"कशाला?"

कृष्णाजीने सगळं सांगितलं. कल्लाप्पा पितळी चौकटीच्या आरशासमोर अर्धी पँट धरून उभा राहून ऐकत होता. मग त्याने हेमलताचा पत्ता दोनदा वाचला.

"दवाखान्याच्या पेट्यांत जाळ्याच असतात. चाळीस जास्त झाल्या तर मोजणारा मीच."

"काही कागद करून देऊ का? पावती?"

"नको, अण्णा. कागद केला की अडकलं. बिनकागदाचं पोचतं."

त्या दिवशी कृष्णाजीने दुपारीच फळी लावली. गाठोडी उसवली. मच्छरदाण्या घडी करून कल्लाप्पाच्या दोन कॅनव्हासच्या थैल्यांत भरल्या; हिरव्या दोऱ्याची पुन्हा सगळ्यांत वर. मग तो दुकानाच्या माळ्यावर चढला. तिथे अकरा वर्षांच्या चिंध्या होत्या. वकिलांच्या कोटांच्या, वरातीच्या शेरवान्यांच्या, शाळेच्या चड्ड्यांच्या. त्या त्याने गाठोड्यांत ठासल्या, वजन हाताने तोललं, थोड्या आणखी ठासल्या, आणि पहिल्यासारखंच शिवलं. दर चार बोटांवर उलटी गाठ. लाल फीतही तशीच बांधली. प्रत्येक गाठोड्यावर बाहेरून एक-एक पट्टी लावली, म्हणजे आत बघायची कुणाला गरज पडू नये.

हे करताना त्याला हसू आलं. कस्तुराबाई गेल्यापासून पहिल्यांदा. हसू आलं म्हणून मग रडूही आलं, आणि त्या दिवशी चार गाठोड्यांना शिवायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

समारंभ एप्रिलात झाला. मंत्रीसाहेब आले, त्यांचं पोट ठीक होतं. त्यांनी पहिलं गाठोडं उचललं आणि म्हणाले, "वा! चांगलं वजनदार आहे." टाळ्या झाल्या. विश्वासराव म्हणाले की या जाळ्यांच्या प्रत्येक धाग्यात एका पत्नीचं बलिदान आणि एका पतीची निष्ठा विणलेली आहे. शेरवान्यांच्या चिंध्यांत निष्ठा असतेच म्हणा, निदान वरातीच्या दिवसापुरती. कृष्णाजीने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला, पेपरात आला. अंबुबाईने तो कापून देवघरात ठेवला.

गुंडू शेजारी उभा होता. त्याने एका गाठोड्यावर हात ठेवला, दाबलं, पुन्हा दाबलं. जाळी दाबली तर अशी लागत नाही. त्याने कृष्णाजीकडे पाहिलं.

"अण्णा."

"काय रे?"

"काही नाही. धूळ होती." आणि त्याने गाठोडं झाडलं.

गाठोडी पुन्हा ऑफिसात गेली. जहाजाची चौकशी चालू आहे. दुसऱ्या कुणाचा फोटो ठेवावा लागेल तेव्हा त्यांच्यावर पुन्हा चादर पडेल.

मे महिन्यात हेमलताचं पत्र आलं.

"अण्णा, तुमचे हवालदार स्वतः ट्रकने येऊन देऊन गेले. एकोणचाळीस त्याच दिवशी वॉर्डात लावल्या. खालचा काठ कसा खोचायचा ते पोरांच्या आयांना दाखवलं. नॉर्वेचे डॉक्टर तुमची शिवण बघून म्हणाले, हा माणूस सर्जन व्हायला हवा होता. चाळिसावीवर हिरवा दोरा आहे. ती कुणाची, ते कस्तुराबाईंनी मला सांगितलं होतं. मी ती कुणाला दिली नाही. आंब्याखाली ठेवावी, तुमच्याकडे परत पाठवावी की वॉर्डात लावावी? तुम्ही सांगाल तसं करते. तोवर माझ्या पेटीत बांधून ठेवली आहे."

कृष्णाजीने पत्र दोनदा वाचलं. उत्तर सोपं होतं. वॉर्डात लाव. चार अक्षरी शब्दही नाही त्यात एक. कस्तुराबाई असती तर म्हणाली असती, एवढं विचारायला तिकीट कशाला खर्च केलंस, पोरी?

त्याने दौत घेतली, कागद घेतला. "चि. हेमलतास आशीर्वाद" एवढं लिहिलं. पुढे 'लाव' लिहायला टाक टेकवला आणि त्याला आठवलं की अशाच कागदावर, याच टाकाने त्याने 'येतील' असं दोनदा लिहिलं होतं. टाक तिथेच राहिला आणि कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

दुसऱ्या दिवशी लग्नसराईची कापडं आली. नंतर शाळा उघडल्या, चड्ड्या आल्या. जून गेला. विश्वासराव एकदा रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "लोकरे, चांगल्या कामाला वेळ हा लागतोच." कृष्णाजीने नमस्कार केला. विश्वासरावांची चार गाठोडी अडकली होती, त्यांत निदान चिंध्या होत्या. कृष्णाजीचं एकच अडकलं होतं, आणि त्यात खरी मच्छरदाणी होती.

ती अजून हेमलताच्या पेटीत बांधलेली आहे. तिकडे पुन्हा पावसाळा लागेल. वॉर्डातल्या एका खाटेवर, कुठल्याही खाटेवर, ती लागायला हवी, एवढं त्याला कळतं.

पत्राचं उत्तर लिहायचं राहिलं आहे.